चौदा किलोंची मुलगी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, लहान मुलांच्या वॉर्डातला. पायाखाली लोखंडी पाट, वर आडवी दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन, एवढाच माझा संसार. कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने मला सात वेळा तपासलं आणि म्हणाला, "जा. खोटं बोलू नकोस."

वीस वर्षं मी खोटं बोललो नाही. रडणारी, लाथा झाडणारी, माझ्यावर शू करणारीसुद्धा मुलं मी तोलली. मग आकडे चमकवणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. माझ्या दांडीवर ओली फडकी वाळू लागली. फार वाईट वाटायचं.

एका सकाळी पोटदुखीने कळवळणारी सहा वर्षांची मुलगी आली. दुपारी ऑपरेशन होतं. तोवर आणि नंतरही दोन दिवस तिला तोंडावाटे काहीच द्यायचं नव्हतं. अंगाला लागणारं सगळं पाणी सलाईनमधून. नव्या काट्याने नेमकी तेव्हाच मान टाकली.

"सहा वर्षांची आहे ना? वीस किलो धरू," तरुण डॉक्टर म्हणाले.

"धरू?" मोठ्या सिस्टरांच्या भुवया वर गेल्या. "डॉक्टर, लेकराचं पाणी अंदाजाने नाही ठरवायचं. तो जुना काटा काढा."

फडकी उडाली. सिस्टरांनी आधी माझी दांडी शून्यावर स्थिर आहे ना, ते पाहिलं. मुलीला उभं राहवेना, म्हणून बाबांनी तिला अलगद उचललं.

"बाबा, श्वास रोखू नका. त्याने वजन घटत नाही!" सिस्टर म्हणाल्या. दुखत असूनही मुलगी हसली.

दोघांचं मिळून शहात्तर. एकट्या बाबांचं बासष्ट. मुलगी फक्त चौदा किलो!

डॉक्टरांनी हिशेब मांडला. "पहिल्या दहा किलोंना शंभर-शंभर मिली, झाले हजार. वरच्या चारांना पन्नास-पन्नास, म्हणजे दोनशे. दिवसाला बाराशे, तासाला पन्नास." मग ते थबकले. "वीस धरले असते, तर दिवसाला पंधराशे गेले असते."

"जादा पाणी अंगात साठतं. सूज मेंदूपर्यंत जाते," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या.

"चुकत होतो मी, सिस्टर."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीही औषध माझ्याच आकड्यावर मोजलं. ऑपरेशन छान पार पडलं. तिसऱ्या दिवशी मुलगी घोट घोट पाणी प्यायली. आणि घरी जायच्या दिवशी?

"बाबा नकोत, मी एकटी!" म्हणत ती माझ्यावर चढली. सगळ्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, माझी दांडी आनंदाने थरथरत होती!

त्याच दिवशी मला दाराजवळची मानाची जागा मिळाली. आता आधी वजन, मगच सलाईन.

तुम्हीही दवाखान्यात गेलात की चपला काढून काट्यावर नीट उभे राहा. आणि कुणी जुन्या कागदावरचा आकडा लिहू लागलं, तर ठणकावून सांगा, "आजचं वजन करा. आम्ही वाढतोय!"