शून्य लागणे

जयवंताअक्काच्या जिभेच्या डाव्या कडेला एक व्रण होता आणि तो उन्हाळ्यापासून भरत नव्हता. असा व्रण लांबला, तर त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. एवढे वैद्यकशास्त्र रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकालाही ठाऊक असते. अक्का माझी थोरली बहीण. ती तुकडा काढू देत नव्हती. "लोखंड लागलं की पसरतं," असे तिला शून्यानंद महाराजांनी सांगितले होते, आणि त्यांच्या तीर्थाने तिचे दुखणे थांबतही होते. तीर्थ घेऊन आली की ती पोटभर जेवत असे. मला संशय आला तो नेमका या थांबण्याचाच.

म्हणून एका गुरुवारी मी तिच्याबरोबर आबिड्सच्या बाजारातल्या त्यांच्या सभागृहात गेलो. खाली साड्यांचे दुकान, वर महाराज. भक्त सतरंजीवर ओळीने तोंडे उघडून बसले होते आणि नामदेवराव नावाचे सेवेकरी चांदीची गुलाबदाणी घेऊन ओळीतून फिरत होते. लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडतात तसलीच. पण हिच्या टोकाला नळी बसवलेली होती आणि दाबले की फवारा उडत होता. तंबाखूने काळवंडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, एका गृहस्थाच्या ओठाच्या कोपऱ्यात पिकलेली पुळी. नळी या सगळ्यांना टेकत टेकत माझ्याकडे येत होती. तिच्या टोकाशी लाळेची तार लोंबत होती. नामदेवराव ती अंगठ्याने पुसत आणि अंगठा उपरण्याला पुसत.

"प्रोफेसरसाब, आ करा."

"आधी नळी धुऊन आणा."

"तीर्थाला विटाळ नसतो, साहेब."

"नळीला असतो."

मागे कोणीतरी खुदकन हसले. नामदेवरावांनी नाराजीने माझ्या तळहातावर फवारा मारला. मी तो चाटला.

आधी तुळस आणि कापूर, मग घट्ट कडवटपणा. आणि थोड्याच वेळात जिभेचे टोक माझे राहिले नाही. मी ते दातांखाली धरून दाबले. दाब कळला, वेदना कळली नाही. लवंगेनेही जीभ बधिर होते, पण लवंग आपला वास लपवत नाही. हे लिग्नोकेन होते. दंतवैद्य सुई टोचण्यापूर्वी हिरडीवर मारतात, दुर्बीण आत सोडण्यापूर्वी घशात मारतात, तोच फवारा. औषध उत्तम आहे. वेदनेचा निरोप ते थोडा वेळ अडवून धरते. जखमेचे ते काहीही करत नाही.

"जबान सुन्न हुई क्या?" नामदेवरावांनी विचारले.

"झाली."

"सुन्न म्हणजेच शून्य!" ते ओळीकडे वळून म्हणाले. "वेदना शून्य, वासना शून्य. साहेबांना पहिल्याच खेपेला शून्य लागलं!"

टाळ्या पडल्या. व्युत्पत्ती बरोबर होती, तेवढीच. मी चूळ भरायला मागच्या मोरीपाशी गेलो, तर तिथल्या कचऱ्याच्या डब्यात निर्माल्याखाली फवाऱ्याच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या होत्या. ज्या औषधाने माणसाला धीराने तपासणी करून घेता यावी, ते इथे तपासणी टाळण्यासाठी वापरले जात होते. मी दोनदा चूळ भरली. किळस तोंडातून गेली नाही.

विद्यानगरला अक्काच्या घरी पोचताच मी तिला सांगितले, "अक्का, ते तीर्थ नाही. औषधाच्या दुकानात मिळतं."

"मग? तुळस पण बाजारातच मिळते."

"मामा, नक्को ना आता," तिचा मुलगा शिवराज म्हणाला. "तिला जेवण जातंय, तेवढं बघा की."

मी तेच बघत होतो. अक्का जेवायला बसली होती आणि भराभर जेवत होती. महाराजांनी तिला सोबत बाटली दिली होती. बसण्यापूर्वी तिने त्यातलाही घोट घेतला होता. तिसऱ्या-चौथ्या घासाला तिच्या ताटातला वरणभात गुलाबी होऊ लागला. बधिर जीभ दातांखाली येत होती, व्रण चावला जात होता आणि अक्का चवीने तो घास गिळत होती. हनुवटीवरून रक्त ओघळले ते तिने दही पुसावे तसे पुसून टाकले. व्रणाचा कुजका वास टेबलाच्या या टोकापर्यंत येत होता. तिला यातले काहीही कळत नव्हते. शिवराज ताट सोडून उठला आणि बेसिनकडे धावला.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, उद्या दवाखाना. फक्त दाखवायचं."

"दाखवीन. लोखंड लावू देणार नाही," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नामपल्लीच्या एका दवाखान्यात डॉ. त्रिवेणींनी हातमोजा चढवून व्रणाच्या कडेला बोट लावले, तशी अक्का कळवळली. कड कठीण होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले त्यावरून मला ते समजले. "तुकडा आजच काढायला हवा," त्या म्हणाल्या. अक्काने मान जोरजोरात हलवली.

"अच्छा, अम्मा, पहले देखने तो देओ. थोडा कडवा लगेगा, सुन्न होता."

त्यांनी ट्रेमधला फवारा उचलला, नवी नळी बसवली आणि जिभेवर मारला. अक्काचे डोळे विस्फारले. तिने डॉक्टरांना हात जोडले.

"तुमी पण महाराजांच्या का?"

डॉक्टरांना काही उमगले नाही. अक्का माझ्याकडे वळली. "यशा, शून्य लागलं बघ. तू कधी खोटं बोलत नाहीस. तेच आहे ना हे? सांग. तेच असलं तर लोखंडाचा दोष लागायचा नाही."

खुलासा करायला मला दोन वाक्ये पुरली असती. ती माझ्याकडे तयार होती आणि पूर्णपणे अचूक होती. त्यानंतर अक्का उठून घरी गेली असती, हेही तितकेच अचूक होते.

"तेच आहे," मी म्हणालो.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने विधान निर्दोष होते. त्या सभागृहातली लाळेची तार मात्र मला आता स्वतःच्या ओठांवर जाणवत होती.

अक्काने डोळे मिटून तोंड उघडले. डॉ. त्रिवेणींनी सुई भरायला घेतली.

"मामा, नामदेवरावांना फोन करून सांगू?" शिवराज हरखून कुजबुजला. "त्यांचं तीर्थ आता डॉक्टरसुद्धा..."

"मोबाइल खिशात ठेव," मी म्हणालो. "आणि तिचं डोकं घट्ट धर."