न विचारता घातलेलं पाणी

मी झारी. पत्र्याची, पोटाने मोठी, नळीने लांब. मान खाली घातल्याशिवाय माझ्या तोंडून काही बाहेर पडत नाही, माझी घडणच तशी आहे. पण आज जे सांगणार आहे, ते सांगताना मान सरळ असती तरी मी ती खालीच घातली असती.

मला घडवणारा कारागीर मोठा बोलका होता. माझे सांधे झाळून झाल्यावर त्याने मला काठोकाठ भरलं, बराच वेळ नुसतं ठेवलं आणि खालची कोरडी फरशी सगळ्यांना दाखवली. “हिच्यातून थेंब गळायचा नाही,” तो म्हणाला. तेवढ्यावर मी फुगले. तहानलेल्याला पाणी पाजायचं, यापरतं पुण्य कुठलं? आपण जन्माला येतानाच पुण्य बांधून आलो, अशा तोऱ्यात मी दुकानात गेले.

दुकानाच्या दारात तो तोरा बराचसा उतरला. माझ्या डोळ्यांदेखत प्लास्टिकच्या हिरव्या-पिवळ्या झाऱ्या हातोहात खपल्या. मला लोक उचलायचे, “बापरे, रिकामीच एवढी जड,” म्हणायचे आणि पुन्हा खिळ्याला अडकवायचे. पोटात कोळ्याने जाळं विणलं तेव्हा तर मी आशाच सोडली होती.

मग आबा आले. आबा म्हणजे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ. बायको गेल्यावर स्वतःची खोली सोडून नुकतेच मुलाकडे राहायला आलेले. त्यांनी प्लास्टिकच्या झाऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या पोटावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, “हिच्यात पाणी मावेल. बाकीची खेळणी आहेत.” त्या घरी जाताना मी सगळ्या रस्त्याला चकाकत होते.

घराच्या मागे छोटीशी बाग होती, आबांच्या सुनेने लावलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नळ, नळाशेजारी सिमेंटचा हौद, हौदावर माझा खिळा. त्यामुळे घरातलं बोलणं माझ्या कानावर पडायचंच. मी मुद्दाम ऐकत नव्हते, खिळाच तिथे होता.

कुंपणाच्या कडेला अ‍ॅस्टरचे तीन ठोंब होते. फुलवाल्याकडे मिळतात ते गुबगुबीत अ‍ॅस्टर नव्हेत. हे इथल्याच माळावरचे, रानातले. एकदा लावले की वर्षानुवर्षं त्याच मुळांवरून फुटणारे. दिसायला अगदीच साधे, खालची पानं वाळून पाय उघडे पडलेले. अनोळखी माणूस तण समजून उपटून टाकील. पण बाकीच्या बागेचा बहर ओसरला, थंडी तोंडावर आली, की हे निळ्याजांभळ्या फुलांनी भरून जातात आणि उपाशी मधमाश्यांची तिथे झुंबड उडते. कोवळेपणी शेंडे खुडले की झाड भरदार होतं. माती हलकी हवी, ऊन भरपूर हवं आणि पाणी बेताचं. सून फोनवर मैत्रिणीला सांगायची, “यांना लाड सोसत नाहीत गं. मुळाशी ओल साचली की संपलं.”

आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते त्या घरात आले तेव्हा दिवसभर खुर्चीत बसून असायचे. पेपर दोनदा वाचायचे, मग पेपरची घडी मोडून पुन्हा घालायचे. मुलगा एकदा म्हणाला, “आबा, बागेच्या पाण्याचं तेवढं तुम्ही बघाल?” आणि म्हातारा दुसऱ्या दिवशी बूट घालून बागेत हजर. अंगात जणू पुन्हा गणवेश चढला होता.

जन्मभर ज्याने बंबाचं पाणी मारलं, त्याला बेताचं पाणी म्हणजे काय ते कुठून ठाऊक असणार? जेवताना ते लाकडाच्या वखारीची गोष्ट सांगायचे. मध्येच पाणी संपलं आणि हातात कोरडा पाइप धरून सगळी वखार जळताना बघावी लागली, अशी ती गोष्ट. मुलाला ती तोंडपाठ होती. आबा शेवटी म्हणायचेच, “पाणी कमी पडू द्यायचं नाही. जास्त झालं तर कुणी मरत नाही.”

मरतं, आबा. मी बघितलं. सकाळी माझी फेरी, दुपारी फेरी, संध्याकाळी पुन्हा फेरी. ओतू नका म्हणून मी किती आतल्या आत खडखडले, पण पालथी केल्यावर झारी काय करणार? अ‍ॅस्टर उंच, लुसलुशीत वाढले आणि स्वतःच्याच भाराने आडवे झाले. मग कडेच्या ठोंबाची पानं पिवळी पडली. आबांना वाटलं तहान लागली. त्यांनी आणखी पाणी घातलं. अति तेथे माती म्हणतात, इथे तर चिखल झाला. तो ठोंब उपटला तेव्हा मुळं काळी, हातात घेताच सुटणारी. काही दिवसांनी दुसराही गेला. पाणी पाजून मारणारी, अशी माझी कीर्ती. कारागिराने मला त्या दिवशी पाहिलं असतं तर माझ्या सांध्यांनीच मला टाकलं असतं.

त्या संध्याकाळी खिडकीत नवराबायकोचं बोलणं झालं.

“अहो, तुम्ही तरी सांगा आबांना.”

“काय सांगू? किती दिवसांनी माणूस हसायला लागलाय. दोन झाडं गेली तर गेली.”

“दोन झाडं,” सून म्हणाली. नळाखाली भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा झोपलेले असताना ती बाहेर आली. हातात भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा होता. माझ्या नळीच्या टोकाची चाळणी तिने काढली, स्पंज आत ठासला आणि चाळणी पुन्हा बसवली. एकदा घराच्या दाराकडे बघितलं. मग माझ्या पोटावरून हात फिरवला, जणू माझी माफी मागत होती.

तेव्हापासून मी ठिबकायला लागले. आबा मला भरायचे, वाकवायचे आणि ताटकळत उभे राहायचे. चार थेंब पडले की हात भरून यायचा आणि ते उरलेलं पाणी हौदात ओतायचे. “हिला झालंय काय?” म्हणून मला हलवायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ज्यांनी मला अडगळीतून उचलून आणलं, त्यांनाच मी रोज सकाळी बनवत होते. तेही त्यांच्याच हातात बसून.

एकदा नाश्त्याच्या वेळी आबांनी तक्रार केली. मुलगा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “आत एखादे झारीतले शुक्राचार्य बसले असतील, आबा. बघा शोधून.” तो आपला विनोद करून मोकळा झाला. सुनेच्या हातातला चहा बशीत सांडला. मी बाहेर खिळ्यावर मेल्याहून मेल्यासारखी झाले.

सगळ्यात वाईट म्हणजे इलाज लागू पडला. उरलेला ठोंब सावरला, ताठ झाला, त्याला कळ्यांचे बारीक मणी दिसायला लागले. सून म्हणाली, “आबा, तुमच्या हाताला गुण आहे हो.” आबा कुंपणापलीकडच्या शिंप्याला बोलावून बोलावून ठोंब दाखवू लागले. “नुसतं पाणी घालून चालत नाही, पारखी नजर असावी लागते,” असं त्याला ऐकवायचे. शिंपी मान डोलवायचा. सून खाली बघायची. मी कुठे बघणार?

मग आबांनी एक दिवस मला साफ करायला घेतलं. चाळणी फिरवून काढली, नळीत तार घातली आणि तारेला लागून स्पंज बाहेर आला. त्यांनी तो पिळला. वास घेतला. भांड्यांच्या साबणाचा वास अजून थोडा होता. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

मला वाटलं, आता आदळआपट होणार. मला तरी नक्की भिरकावतील. पण त्यांनी स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला, खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवला, मला खिळ्याला लावलं आणि आत गेले. दुसऱ्या सकाळी बूट दारातच राहिले.

कामावरून आल्यावर सुनेने तो स्पंज बघितला. तिथेच उभी राहिली, पिशवी खांद्यावरून खाली घ्यायचंही भान नाही. आत आबा पेपराची घडी घालत होते. घरात सगळे मूग गिळून बसले. सूनही मला हात लावेना. लावला असता तर “तुमचं काम काढून घेतलं” असं तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं. ऊन तापत होतं. इतके दिवस बुडून मरायला निघालेला ठोंब आता खरोखर तहानेने मान टाकू लागला आणि मी त्याच्यासमोर कोरडी ठणठणीत लटकत होते.

शेवटी सून बागेच्या पायरीवर येऊन बसली आणि तिने आबांना हाक मारली. ते आले, पण अनवाणी.

“आबा, तो स्पंज मी घातला होता.”

“मग काय तो आपल्या पायांनी चालत गेला होता?”

“तुम्हाला सांगायची लाज वाटली.”

“आणि फसवायची नाही वाटली?”

“वाटली. रोज वाटली.”

आबांनी ठोंबाकडे पाहिलं. “एवढी काय सोन्याची झाडं आहेत ती?”

“माझ्या आईच्या दारातली आहेत. ती गेल्यावर घर विकलं ना, तेव्हा किल्ली द्यायच्या आधी खणून आणली. जुन्या पातेल्यात घालून, मांडीवर धरून. माहेरचं म्हणून आता एवढंच राहिलंय.”

“आणि ती दोन गेली, तीही…”

“तीही.”

आबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. “या घरात मी तेवढं एकच काम करत होतो गं,” ते म्हणाले. “म्हातारा फुकट बसून खातो असं कुणाला वाटू नये म्हणून. आणि तेही उलटंच केलं. माझीच मला शरम वाटते.”

“मी आधी सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतंत का तसं?”

“नसतं केलं. निदान आता तसं वाटतंय. तेव्हा ऐकूनही घेतलं नसतं कदाचित.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आता शिकव. हळू बोल मात्र, पलीकडे शिंपी असेल.”

तिने त्यांचं बोट धरून ठोंबाच्या बुडाशी मातीत घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर द्यायचं, तेही मुळाशी, सावकाश, पानांवर नाही. माती कोरडी होती. आबांनी माझी चाळणी काढून ठेवली, नळी जमिनीलगत नेली आणि इतक्या हळू वाकवली की पाणी कुठे गेलं ते कळलंही नाही.

थंडीच्या तोंडावर त्या ठोंबाला फुलं आली. फार नाही आली. आबांनी शिंप्याला बोलावलं नाही. तो आपणहून आला आणि कौतुक करू लागला, तेव्हा आबा म्हणाले, “सुनेची आहेत. तिच्या आईकडची.”

मी अजून त्याच खिळ्याला आहे. बुडाला गंज धरलाय, बरेच दिवस रिकामीच असते. शरम गेली असं म्हणणार नाही. दोन ठोंब माझ्याच तोंडच्या पाण्याने मेले आणि एका भल्या माणसाला मी कितीतरी सकाळी फसवलं. तुमच्या घरीही कुणीतरी जीव ओतून चुकीचं करत असेल. त्याला दुखवायला नको म्हणून त्याच्या नळीत गुपचूप बोळा घालू नका. तोंडावर सांगा. लाज वाटेल, ती वाटू द्या.

आणखी एवढंच. परवा थंडी सरली आणि जिथे पहिला ठोंब कुजला होता, तिथून हातभर लांब, भिंतीच्या कडेला एक हिरवा कोंब वर आला. मुळाचा एखादा धागा माझ्या पाण्यापासून दूर पळून तिकडे जगला असणार. तो सगळ्यांत आधी आबांना दिसला. त्यांनी घाईघाईने मला काठोकाठ भरलं, कोंबापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले. मी वाकायच्या बेतात होते.

“सूनबाई, जरा ये गं,” त्यांनी हाक मारली.

ती हात पुसत बाहेर आली, कोंब बघून त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

“घालू का?” आबांनी विचारलं.

तिने मातीत बोट घातलं. “आज नको, आबा.”

“बरं,” आबा म्हणाले. त्यांनी मला हौदात रिकामं केलं, फडक्याने पुसलं आणि खिळ्याला अडकवलं.