रडण्याचं पान

धाकट्या दिराची कादंबरी छपाईला जायला निघाली आणि वहिनीच्या कपाळावर आठ्या पडल्या. कादंबरी लढाईवरून परतलेल्या सैनिकाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, दादांचीच. नाव बदललं म्हणून माणूस बदलतो थोडाच! दीर सज्जन, पण लिहायला बसला की राईचा पर्वत करणारच. त्याचा सैनिक झोपेत किंचाळायचा, भांडी फोडायचा आणि शेवटी बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून लेकरासारखा रडायचा.

खऱ्या दादांनी घरात एक कपसुद्धा फोडला नव्हता. फक्त त्यांना उठवायचं तर दारातूनच, वहिनीची शिवणकामाची लांब पट्टी हळूच पायाला लावून. अंगाला हात लावला की ते डोळे मिटूनच मनगट पिरगाळायचे. जेवायला बसायचे ते भिंतीला पाठ लावून. कोणी त्यांची खुर्ची भिंतीपासून सरकवली तर त्या दिवशी उपास. एवढ्यावर वहिनीने संसार रेटला होता. ते कधीतरी रडतील म्हणून तिने खूप वाट पाहिली, मग तो नाद सोडला.

"भाऊजी, ते रडण्याचं पान काढा," सकाळी तिने मशीन थांबवून सांगितलं. "झालंच नाही ते."

"अहो वहिनी, सगळं पुस्तक त्या पानावर उभंय! पट्टी आणि खुर्ची वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार?"

"न येऊ दे. खोटं ते खोटं."

दीर हिरमुसला. "रात्रीपर्यंत विचार करा. नाही म्हणालात तर काढतो," असं म्हणून कागदांचा गठ्ठा ठेवून गेला. वहिनीला विचार करायचाच नव्हता.

संध्याकाळी ती शिवलेले कपडे पोचवून आली, तर दादा भिंतीला टेकून तोच गठ्ठा वाचत होते. त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"हे असं झालं होतं? मला कसं आठवत नाही?"

'नाही' तिच्या ओठांवर आलंच होतं. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. आशा होती, आणि ती तिने या माणसात पहिल्यांदाच पाहिली.

"झालं होतं," ती म्हणाली. "अर्धवट झोपेत होतात तुम्ही."

"बराच वेळ रडलो?"

"बराच."

"मग बरं झालं," दादा म्हणाले आणि कागद नीट जुळवून ठेवले.

वहिनीने स्वयंपाकघरात जाऊन दिराला फोन लावला.

"पान राहू द्या."

"अहो, पण सकाळी तर तुम्हीच..."

"राहू द्या म्हटलं ना! आणि भाऊजी, मी तेव्हा काय केलं ते लिहायचं राहून गेलंय. डोक्यावरून हात फिरवत होते, असं लिहा."