केशवमास्तरांच्या घरातली काबरी

ज्या दुपारी केशवमास्तरांना पोलिसांनी पकडून नेलं, त्या दुपारी त्यांच्या घराचं दार बराच वेळ सताड उघडं होतं. शेजारच्या पार्बताबाईची मांजर तेव्हाच आत शिरली असावी.

बेचाळीसचा ऑगस्ट होता. कुठे तारा कापल्याची, कुठे रूळ उखडल्याची बातमी रोज अमरावतीत येऊन थडकत होती. राजापेठेतल्या त्या गल्लीत राहणारे केशवमास्तर चळवळीची पत्रकं छापतात आणि छापायचं यंत्र त्यांनी घरातच दडवलं आहे, अशी खबर ठाण्यावर लागली होती. मास्तरीणबाई मुलांना घेऊन आधीच अकोल्याला माहेरी गेल्या होत्या. ठाणेदारांनी घाईघाईत घर धुंडाळलं, डबे उपडे केले, गाद्या उसवल्या. यंत्र काही हाती लागलं नाही. नागपूरहून सीआयडीचे साहेब येऊन नीट झडती घेतील, तोवर घर बंद ठेवायचं ठरलं. मागच्या दाराला आतून अडसर घातला, पुढच्या दाराला कुलूप लावलं, कुलपावर लाखेचं सील बसवलं आणि ओट्यावर पहाऱ्याला चंद्रभान शिपाई बसला.

चंद्रभान नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यातला. घरची काळी जमीन दोन कुटुंबांना पुरेल एवढी नव्हती, म्हणून थोरल्या रामरावानं नांगर धरला आणि यानं कमरेला पट्टा बांधला. सांगितलेलं काम करायचं, न सांगितलेल्याच्या वाटेला जायचं नाही, अशी त्याची रीत होती. ठाण्यात त्याचं कोणाशी भांडण नव्हतं आणि कोणाशी फारशी मैत्रीही नव्हती. चळवळीबद्दल त्याला कोणी विचारलं तर तो म्हणे, "शिकलेल्या लोकायचं काम व्हय ते." त्यापलीकडे त्यानं त्यावर कधी विचार केला नव्हता.

दिवस कलायला लागला तेव्हा आतून मांजर ओरडायला लागली. थोड्या वेळानं शेजारच्या घरातून पार्बताबाई बाहेर आली. माळ्याच्या घरची विधवा बाई, पन्नाशी उलटलेली, बडनेऱ्याच्या वाटेवरच्या मळ्यातून फुलं आणून हार गुंफून विकायची. घरात ती आणि ती मांजर, दोघीच.

"शिपाईदादा, माही काबरी आत राह्यली."

"कोन काबरी?"

"मांजर व्हय माही. वरडून राह्यली, आयकू नाही येत काय?"

"येते."

"मंग उघडा ना दार. मी भायेरूनच बलावतो. येते ते पटकन."

"सील हाये बाई. साहेबाच्या हुकमाबिगर नाही उघडता येत."

पार्बताबाईनं जवळ जाऊन सील नीट पाहिलं. "हे? हे त हातानं निंगते."

"म्हणूनच मले इथं बसवलं," चंद्रभान म्हणाला.

बाई घरात गेली. परत आली ती वाटीत दूध घेऊन. दाराखालच्या फटीतून तिनं ते हळूहळू ओतलं, पण उंबरा बाहेरच्या अंगानं उतरता होता, दूध सगळं ओट्यावरच परत आलं. मग तिनं जुन्या धोतराची एक चिंधी दुधात भिजवली आणि काडीनं ती फटीतून आत सारली. आत हालचाल झाली. चिंधीला जराशी ओढ लागली. बाई ओट्यावर आडवी होऊन, गाल फरशीला टेकवून ऐकत राहिली. चंद्रभाननं पाय बाजूला घेऊन तिला जागा करून दिली. एवढ्याला हुकमाची गरज नव्हती.

संध्याकाळी दुसरा शिपाई पहाऱ्यावर आला तेव्हा चंद्रभाननं ठाण्यावर जाऊन हवालदाराला ही गोष्ट सांगितली. हवालदार हसला आणि आणखी दोघांना बोलावून त्यानं ती पुन्हा सांगायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहाऱ्यावर जाण्याआधी चंद्रभान ठाणेदारांपुढे उभा राहिला. ठाणेदारांचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"मांजरासाठी सरकारी सील तोडू?" ते म्हणाले. "साहेब आले की निघेल ती."

"साहेब कधी येनार, हुजूर?"

"गाड्या चालू झाल्या की येतील. तू मला विचारतोस काय? जा, पहाऱ्यावर जा."

चंद्रभान गेला. त्याच्या हिशेबानं त्याचं काम तिथं संपलं होतं. त्यानं वर कळवलं होतं, वरून उत्तर आलं होतं.

पण दिवसभर तो त्या दाराला पाठ टेकून बसे, आणि आवाज त्याच्या पाठीतूनच आल्यासारखा येई. मांजरांची त्याला आवड नव्हती. खेड्यातल्या घरी कणगीतले उंदीर खायला एखादी असायची. ती कधी आली, कधी मेली, याची कोणी नोंद घेत नसे. पार्बताबाई चिंध्या बदलत राही. वाळक्या चिंध्या ओढून काढी, दुधाच्या, पाण्याच्या नव्या सारी. त्या दिवशी ती फुलं घेऊन बाजारात गेलीच नाही. टोपलीतला झेंडू कोपऱ्यात काळवंडून गेला.

"बाजारात जाय ना बाई. मी हाओ इथं," तो म्हणाला.

"तुमी हा इथं, पन तुमी काय तिले वळखता?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "घरी कोन हाये तुमच्या?"

"बायको हाये. कौशल्या. गावीच असते, भावाजवळ."

"अन् तुमी इथं दुसऱ्याच्या दाराले टेकून."

बाई टोचून बोलली की सहज, हे चंद्रभानला नीट कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून आतून आवाज नव्हता. चिंधी सारली ती तशीच पडून राहिली, तिला ओढ लागली नाही. पार्बताबाईनं दोनतीनदा "काबरे, काबरे" म्हणून हाक मारली आणि मग ती आपल्या ओट्यावर जाऊन बसली. रडली नाही. हातात सुई-दोरा घेतला, पण गुंफायला फुलंच नव्हती, तेव्हा तो परत डब्यात ठेवला. रिमझिम चालू होती. चंद्रभान रोजच्यासारखा बसला होता आणि आपण कान देऊन ऐकतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. आवाज होता तेव्हा तो कधी बंद होतो असं त्याला झालं होतं. आता बंद झाला, तर त्याला बसवेना. तो उठला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"मावशी, शिडी हाये का?"

पार्बताबाईनं मान वर केली. "हाये. कावून?"

"छपराचे कवेलू काढतो."

"तुमची नवकरी, दादा..."

"शिडी आन."

दोन्ही घरांची मधली भिंत एकच होती. पार्बताबाईच्या अंगणातून त्यानं शिडी लावली. पागोटं, पट्टा, जोडे आणि अंगातला सरकारी डगला काढून त्यानं तिच्या ओट्यावर घडी करून ठेवला. भरदुपार होती. समोरची बाई दारात आली, पलीकडचा शिंपी मशीन थांबवून पाहू लागला. चंद्रभाननं कोणाकडे पाहिलं नाही. ओल्या कवेलूंवरून पाय घसरत होता. त्यानं एकेक कवेलू काढून रांगेनं बाजूला रचले, दोन त्याच्या गुडघ्याखाली फुटले. माणूस जाईल एवढं भगदाड झाल्यावर त्यानं आडव्या तुळईला लोंबकळून स्वतःला आत सोडलं.

आत झडतीनंतरचा पसारा तसाच होता. सांडलेल्या पिठावर बुटांचे ठसे उठले होते आणि त्यांच्यावरून मांजरीची पावलं गेली होती. देव पालथे पडले होते, ते त्यानं उभे केले. हाका मारल्या तरी उत्तर नाही. शेवटी धान्याच्या कोठीमागच्या सांदीत त्याला दोन डोळे दिसले. त्यानं हात घातला तसा मांजरीनं अंगठ्याजवळ कचकन चावा घेतला. जीव होता म्हणायचा. अंगातली बंडी काढून त्यानं तिच्यावर टाकली, तिचं गाठोडं करून ते गळ्यात बांधलं, कोठीवर चढला आणि भगदाडातून डोकं बाहेर काढलं. खाली पार्बताबाई दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभी होती.

तिनं गाठोडं घेतलं, उघडलं. काबरीच्या फासळ्या मोजता येत होत्या. बाईनं बोट पाण्यात बुडवून तिच्या तोंडाशी धरलं. तिनं ते आधी हुंगलं, मग चाटलं. बाईनं तेव्हा पदर डोळ्यांना लावला.

चंद्रभाननं कवेलू पुन्हा बसवले. फुटलेल्या दोन कवेलूंच्या जागी पार्बताबाईच्या अंगणातले जुने घातले. मग हातावर हळद दाबून, डगला चढवून तो पुन्हा ओट्यावर जाऊन बसला. सील जसंच्या तसं होतं.

आठवड्याभरानं नागपूरचे साहेब आले. दार उघडून त्यांनी आधी वर पाहिलं. जुन्या कवेलूंनी दगा दिला होता, खाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. मातीत आणि पिठात अनवाणी पावलं उमटली होती. घर खणून काढलं तरी यंत्र मिळालं नाही.

"कौन उतरा था अंदर?" साहेबांनी विचारलं.

"मी, हुजूर," चंद्रभान म्हणाला.

"किसलिए?"

"बिल्ली होती, हुजूर. शेजारच्या बाईची."

साहेब हसले. मग हसायचे थांबले. पार्बताबाईला बोलावलं. तिनं काबरीला कडेवर धरून आणलं. आठवडाभर दूधभात खाऊन मांजर गुटगुटीत झाली होती, साहेबांपुढे तिनं एक लांबलचक जांभई दिली. बाई देवाची शपथ घेऊन सांगत होती. साहेब ठाणेदारांकडे पाहत होते. एका मांजरासाठी सरकारी शिपाई भरदुपारी सरकारी पहाऱ्यातलं छप्पर उघडतो, हे त्यांच्या गळी उतरणं कठीणच होतं. यंत्र छपरातून गेलं असा निष्कर्ष निघाला. चंद्रभानची नोकरी गेली आणि त्याची रवानगी अकोल्याच्या तुरुंगात झाली.

तिथल्या बराकीत केशवमास्तर आधीपासून होते. हा आत शिरला तसा सगळ्यांनी जयघोष केला. मास्तरांनी पुढे होऊन त्याला मिठी मारली. ते हलक्या आवाजात म्हणाले, "यंत्र माझ्या घरात कधी नव्हतंच. ते अकोटला आहे, पहिल्यापासून. पण तुम्ही आमच्यासाठी जिवावर उदार झालात, हे मी विसरणार नाही."

"मास्तर, मी यंत्रासाठी नाही गेलो. मांजर होती आत. पार्बताबाईची काबरी."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "बरोबर आहे. कोणी विचारलं तर हेच सांगायचं."

चंद्रभाननं आणखी एकदोनदा सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. सूत कातायला शिकला, कारण बसल्या बसल्या दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. कौशल्या एकदा रामरावाबरोबर भेटायला आली. तिनं जाळीपलीकडून विचारलं, "खरंच मांजरीपायी?" तो हो म्हणाला. ती म्हणाली, "तुमी खोटं कधी बोलले नाही." मग तिनं बैलाचं सांगितलं, तुरीचं सांगितलं.

सुटून तो गावी आला तेव्हा वेशीवर लोक हार घेऊन उभे होते. त्यानं हार घालून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून भावाबरोबर शेतात जाऊ लागला. पोटाला कमी पडायचं ते पडतच होतं. दोन्ही घरं ओढाताण करून चालवत होती. पोलिसातले जुने सोबती बाजाराच्या दिवशी भेटले तर तोंड चुकवत. गावातले लोक वाट सोडून मान देत. दोन्ही एकाच गोष्टीपायी चाललं होतं, आणि ती गोष्ट घडलेली नव्हती.

स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी अमरावतीत सभा झाली. केशवमास्तरांनी माणूस पाठवून त्याला बोलावून घेतलं आणि मंचावर बसवलं. वर्दीवर लाथ मारून देशासाठी छप्पर फोडणारा शिपाई म्हणून मास्तरांनी त्याची ओळख करून दिली. दोन शब्द बोला, म्हणून आग्रह झाला. चंद्रभान उभा राहिला.

"मी छप्पर उघडलं ते खरं हाये," तो म्हणाला. "आत मांजर व्हती. ते काढली. दुसरं काई केलं नाही."

लोक हसले, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्याला पुढचं बोलता आलं नाही. किती साधा माणूस, असं पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालेलं त्यानं ऐकलं.

सभा संपल्यावर तो त्या गल्लीत गेला. पार्बताबाई ओट्यावर बसून हार गुंफत होती. सभेला ती गेली नव्हती. त्या दिवशी फुलांना मागणी फार होती. तिनं त्याला ओळखलं, गूळपाणी दिलं, मग चहा ठेवला. काबरी गेल्या हिवाळ्यात गेली, असं तिनं सांगितलं. झोपेतच गेली.

"माह्या मांजरीपायी तुमची नवकरी गेली," ती म्हणाली.

"गेली."

"पस्तावा नाही होत?"

चंद्रभाननं कपातला चहा संपवला. अशा प्रश्नाला उत्तर काढून ठेवावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. "बैल मेला त्या साली झाला व्हता," तो म्हणाला. "दुसरा घ्याले हातात काईच नवतं. तवा झाला. आता नाही."

बाईनं मान हलवली. मग ती अंगणात गेली आणि शेवंतीची काही रोपं मुळांना माती धरून उपटून आणली. ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं ती त्याच्या हातात दिली. कौशल्येला द्या म्हणाली.

नांदगावच्या मोटारीत गर्दी होती, लोक झेंडे घेऊन गात होते. चंद्रभान रोपं मांडीवर सांभाळत उतरेपर्यंत बसून राहिला. कौशल्येनं ती विहिरीच्या काठाला लावली. निम्मी जगली.