गालावरचं क्रीम

"बाई, यावर क्रीम लावलंय की नुसता हात फिरवलाय?" नवी केमिस्ट पोरगी म्हणाली.

"लावलंय. तू घाल मशीनमध्ये," बाई म्हणाल्या.

सत्तावीस वर्षं बाईंचं काम एकच. सनस्क्रीन काट्यावर मोजून घ्यायचं आणि प्लास्टिकच्या खरबरीत चकतीवर बोटाने सारखं पसरायचं. मग मशीन त्यातून किरण सोडतं आणि काचेलाही न जुमानता त्वचेत खोल शिरणारे अतिनील-ए किरण किती अडले ते सांगतं. बाईंच्या बोटावर लॅबचा डोळे झाकून विश्वास. साहेब तर म्हणायचे, मशीन चुकेल, बाई चुकायच्या नाहीत.

आजची चकती मात्र कामाची नव्हती, घरची होती. बाईंचे यजमान एकतीस वर्षं बस चालवत होते. खिडकीकडचा गाल दिवसभर काचेतून भाजायचा. बाईंनी पास केलेलं क्रीम ते रोज सकाळी इमानाने थापायचे आणि पांढराफटक चेहरा घेऊन समोर येऊन उभे राहायचे. बाईंना हसू आवरायचं नाही. "अहो, डेपोत विचारतील, पिठाच्या डब्यात तोंड घातलं होतं का?" असं म्हणत त्या रुमालाने गाल पुसून द्यायच्या. थर केवढा लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण घरी आल्यावर लॅबचं डोक्यात ठेवतो कोण!

आता त्याच गालातला कॅन्सर फुप्फुसात उतरला होता. काल यजमानांनी विचारलं होतं, "खरं सांग, तुमचं क्रीम खोटं होतं का गं?" म्हणून आज त्यांनी चकतीवर क्रीम नीट मोजून लावलं आणि घरच्यासारखंच रुमालाने पुसलं.

"काहीच अडत नाहीये, बाई. फेल लिहू का?" पोरगी म्हणाली.

"नको. क्रीम चांगलं आहे."

संध्याकाळी दवाखान्यात यजमान जागेच होते. खोटं सांगून मोकळं व्हावं असं बाईंना फार वाटलं. क्रीमला काय, कुणीही नावं ठेवावीत.

"क्रीम चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "मीच पुसत होते." आणि त्यांना रडू फुटलं.

"गाल पुढे कोण करायचं?" यजमान हळूच म्हणाले. "तू पुसावंस म्हणून तर जास्त लावायचो."

बाई दोन्ही हात मांडीत घट्ट धरून नुसत्या बसून राहिल्या.