बर्फाखाली बोलायचं नाही

आमचं गाव डोंगराच्या उतारावर होतं आणि घरांच्या डोक्यावर हिवाळाभर बर्फ टांगलेला असायचा. मोठ्याने आवाज झाला की तो खाली येतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तान्ह्या पोराला ठाऊक नसायचं, म्हणून त्याच्या तोंडाला फडकं बांधायचे. पहिला बर्फ पडला की मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा निघत, बिजागऱ्यांना चरबी चोपडली जाई, कुत्र्यांची तोंडं दोरीने आवळली जात. लाकडं आधीच फोडून ठेवायची. लोहार भाता गुंडाळून मेंढ्यांमागे जायचा. बोलायचं ते हातांनी, नाहीतर कानाशी लागून. जावाजावांचं बिनसलं तर एक दुसरीच्या कानात फुसफुसायची, "थांब, बर्फ वितळू दे, मग बघते तुझ्याकडे!" आणि उन्हाळा लागला की आठवणीने भांडायच्या.

माझ्या पणजोबांचा आवाज दांडगा. गाव त्यांना भोंगा म्हणायचं. हिवाळा म्हणजे त्यांना शिक्षाच. ते पणजीच्या कानात सांगायचे, "पोटात इतकं साठलंय, एक दिवस फुटून मरेन बघ." ती हसू दाबायला तोंडात पदर कोंबायची.

एका हिवाळ्याच्या शेवटी एक गाभण मेंढी वर चुकली. पणजोबा तिला शोधायला गेले. दुपार कलली तरी आले नाहीत, म्हणून पणजी भाकरी बांधून मागे निघाली. पाठीला माझे आजोबा बांधलेले, वर्षाचेही नसतील. चढ चढून ती घळीच्या तोंडाशी आली तेव्हा धुकं फाटलं आणि वरच्या धारेवर नवरा दिसला. मेंढी खांद्यावर घेऊन तो परत येत होता, पण पायवाट सोडून बाहेरच्या अंगाने. त्या बाजूला वाऱ्याने बर्फाचा सज्जा बांधला होता. वरून जमीनच वाटावी, आणि खाली पोकळ. पणजीला खालून ती पोकळी दिसत होती. त्यांना दिसत नव्हती.

तिने घोंगडी सोडून दोन्ही हातांनी हलवली. ते पायाखाली बघत चालले होते. तिने पुन्हा हलवली. एक हाक मारली असती तर ते थांबले असते. पण डाव्या हाताला सगळा उतार भरलेला होता आणि त्याच्या खाली गाव होतं, चुली पेटलेल्या, माणसं घरात. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

सज्जा तुटला. ते मेंढीसकट घळीत गेले. पडताना तेही ओरडले नाहीत.

गावातले पुरुष काठ्या घेऊन आले. पुन्हा धुकं उतरलं होतं. घळ खाली जाऊन फाटते, तिच्या प्रत्येक फाट्यात त्यांनी काठ्या खुपसून पाहिलं. हाक कोणी मारली नाही. अंधार पडल्यावर परत आले.

बर्फ वितळल्यावर पणजोबा सापडले. बर्फाखाली नव्हतेच ते. एका खडकाच्या कपारीत बसलेले होते, एक पाय मोडलेला, मेंढी मांडीवर ओढून घेतलेली. शोधणाऱ्यांची वाट त्या कपारीच्या अगदी वरून गेली होती. त्यांच्या दातांत स्वतःच्या अंगरख्याची बाही होती, चावून चावून चिंध्या झालेली. कण्हणंही बाहेर पडू नये म्हणून.

त्यांची आई पणजीसमोर येऊन बसली. म्हणाली, "तू माझं पोर घालवलंस आणि माझं घर राखलंस. आता तुला शिव्या देऊ, की तुझ्या पाया पडू, तूच सांग बाई."

त्यानंतर गाव पणजीला मानू लागलं. पोर रडायचं थांबत नसलं की आया तिच्याकडे आणून द्यायच्या. कोणाच्या दाराचं बिजागर कुरकुरलं तर ती चरबीची वाटी घेऊन हजर. "माझ्या माणसाने बाही चावली," एवढंच ती कानात सांगायची. ऐकणारा खाली मान घालायचा.

पुढे माझे आजोबा चांगले बाप्ये झाले, तेव्हा रस्त्याची मोजणी करणारा एक साहेब आला. हिवाळा सुरू झाला होता. आजोबा आणि आणखी काही जण त्याचं सामान वाहत होते. भरलेल्या उताराखाली आल्यावर साहेब मोठमोठ्याने बोलायला लागला. आजोबांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

साहेबाने हात बाजूला केला आणि हसला. "अहो, आवाजाने नाही कोसळत बर्फ! वजनाने कोसळतो, उन्हाने, वाऱ्याने. माणसाच्या घशात तेवढा जोर असता तर आम्ही सुरुंग कशाला वाहिले असते?" आणि त्याने वर बघून सगळ्या ताकदीने आरोळी ठोकली. आमची माणसं पालथी पडली, डोकी हातांत धरून. काही झालं नाही. त्याने पुन्हा आरोळी दिली. पुन्हा काही नाही. सगळे उठले, कपडे झटकले. आजोबा तेवढे बसून राहिले.

घरी परतताना ते प्रत्येकाला म्हणाले, "आईला कळता कामा नये." कोणी का म्हणून विचारलं नाही. गप्प राहण्यात आमचं गाव तरबेजच होतं. भीती गेली, पण पणजीसाठी घंटा निघत राहिल्या, बिजागऱ्या चोपडल्या जात राहिल्या. पोरांना ओरडायचं असलं तर आया म्हणायच्या, "जा पलीकडच्या खोऱ्यात, काय बोंबलायचं ते तिकडे बोंबला."

असे बरेच हिवाळे गेले. मग एके सकाळी, ऐन बर्फात, शेजारच्या नव्या सुनेच्या हातून तांब्याचा हंडा सुटला. दगडी पायऱ्यांवरून ठणाठणा आपटत तो गल्लीच्या तळापर्यंत गेला. पणजी दारात सूत कातत बसली होती. तिने झटकन वर उताराकडे पाहिलं. मग गल्लीकडे. गल्लीत बरीच माणसं होती, पण वर कोणीच बघत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते.

तिने चाती खाली ठेवली. आजोबांना जवळ बोलावलं आणि नेहमीसारखं कानाशी लागून विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

आजोबा म्हणाले, "आई, आत चल."

"सगळ्यांना?"

आजोबांनी मान डोलावली.

ती उठली आणि चढाला लागली. आजोबा घोंगडी घेऊन मागे गेले. घळीच्या तोंडाशी, जिथे ती तेव्हा उभी होती, तिथे थांबली. दम लागला होता. तिने वर धारेकडे तोंड केलं.

"अहो!"

हिवाळ्यात कधी न वापरलेला आवाज, चिरकलाच. तिने पुन्हा जोर लावला. "अहो! तिकडून नका येऊ!"

हाक घळीत फिरली, वर गेली आणि विरली. वरून मूठभर बर्फही सांडला नाही.

आजोबा सांगायचे, "त्या दिवशी अख्खा उतार आमच्या अंगावर आला असता तर बरं झालं असतं. मी वाट बघत उभा होतो. ती पण बघत होती."