होकार

पोळीचा तुकडा हेमचंद्रांच्या घशात अडकला तेव्हा उत्तरा समोरच बसली होती. पक्षाघातानंतर त्यांना सगळं मऊ करून भरवावं लागे. पण त्या दुपारी तिची नजर वळली आणि त्यांनी डाव्या हाताने तिच्या ताटातली पोळी तोडून तोंडात टाकली. चेहरा लाल झाला, मग जांभळा. उत्तराने मागून त्यांना कवेत घेतलं आणि पोट जोरात वर दाबलं. तुकडा बाहेर पडला. ते हुंदके दिल्यासारखे श्वास घेऊ लागले आणि ती जमिनीवर बसली.

जन्मभर मुलांची डॉक्टर म्हणून काम केलेली बाई. असले प्रसंग तिला नवे नव्हते. पण या वेळी मधेच मनात एक वाक्य उमटलं होतं : आता सुटू दे सगळं.

तेव्हापासून तिचं अन्नावरचं मन उडालं. सनीव्हेलहून मुलगा मिहीर रोज फोनवर कळवळायचा, "आई, प्लीज, दुपारपुरती कुणीतरी मदतीला ठेव. मी अरेंज करतो." ती ठाम नाही म्हणायची. त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, व्यायाम, सगळं एकटीनेच करायची. आणि नवऱ्याच्या डोळ्यांत मात्र बघायची नाही.

मरियम आली ती त्यांच्या शुगर लँड गावातल्या घामट ऑगस्टमध्ये, खजुराचा डबा घेऊन. मूळची कैरोची, इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक चर्चमधली. दोघींनी एकाच हॉस्पिटलमध्ये नोकरी केली होती आणि एकाच वर्षी सोडली होती. तिने उत्तराकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "काय झालंय? आणि थकवा आलाय असं सांगू नकोस."

उत्तराने इतके दिवस ओठांत धरलेलं सांगून टाकलं. "मरियम, मला ते मरायला हवे होते गं."

मरियमने घाईने समजूत घातली नाही. ती म्हणाली, "ख्रिस्ती धर्म नवा होता ना, तेव्हा आमच्याकडची काही माणसं वाळवंटात जाऊन राहिली. जगापासून लांब गेलो की मन शांत होईल, असं त्यांना वाटलं. झालं उलटंच. राग, वासना, कंटाळा, सगळं तिथेही पोचलं. मग ती मनावरच पाळत ठेवून बसली. त्यांच्या ध्यानात आलं की विचार आधी नुसता येतो. मग आपण त्याच्याशी बोलत बसतो. मग त्याला हो म्हणतो. दोष त्या होकारात, येण्यात नाही."

"पण आला माझ्याच मनात ना?"

"तो सैतान टाकतो की आपल्याच दुखऱ्या जागेतून उगवतो, यावर ती खूप बोलली आहेत. पण होकार आपला, आपल्या हातातला, हे धरून होती. तू मला सांग, विचार आला तेव्हा तू थांबलीस?"

उत्तराने ती दुपार पुन्हा आठवून पाहिली. पेशंटची तपासणी करावी तशी, स्वतःला न वाचवता. खुर्ची आधीच मागे सरकली होती. हात त्यांच्या छातीखाली पोचले होते. वाक्य उमटलं तेव्हा ती दाबतच होती.

"नाही," ती म्हणाली. "थांबले नाही."

"मग तू 'नाही'च म्हणालीस. फक्त ते तुला ऐकू आलं नाही." मरियम उठली. "आणखी एक. लपवलेला विचार वाढतो, असं ती म्हणत. म्हणून कुणा वडीलधाऱ्याला जाऊन सांगत. मला सांगितलंस ते बरं झालं. पण ज्याला सांगायचं तो खरा माणूस मी नाही."

मरियमची गाडी वळणापार जाईपर्यंत उत्तरा दारात उभी राहिली. मग आत जाऊन हेमचंद्रांच्या खुर्चीसमोर बसली. आजारपणाने त्यांची वाचा अडखळत असे, समज मात्र शाबूत होती.

"अहो, त्या दिवशी पोळी अडकली ना... मला क्षणभर वाटलं, सुटू दे सगळं. तुम्ही जावं, असं वाटलं."

त्यांचे ओठ हलले, शब्द जुळेनात. ती त्यांच्यासाठी वाक्य पूर्ण करायला निघाली होती, पण गप्प बसली.

"मला... पण," ते म्हणाले.

"काय?"

"मला पण... वाटलं. बरं झालं. सुटेल... उत्तरा." त्यांनी दम घेतला. "मग... भीती. हात... तुझा धरला."

तिच्या मनगटावर तेव्हा नखांचे ओरखडे उठले होते. झटापटीत लागलं असेल म्हणून तिने तिकडे लक्षच दिलं नव्हतं. ते जीव खाऊन तिला धरत होते.

उत्तरा रडली, आणि रडता रडता हसू लागली, कारण हेमचंद्र अर्ध्या चेहऱ्याने हसत होते आणि त्यांना ते आवरत नव्हतं. "दोघंही सारखेच," ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली.

त्या संध्याकाळी तिने मिहीरला फोन लावला. "दुपारी येणारं कुणीतरी बघ," ती म्हणाली. "मला जरा झोपायचं असतं रे."

"आई, रिअली? तू ठीक आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "बाबाही आहेत. आधी जेवते, मग सावकाश बोलू. भूक लागलीय."